आठशे फुटांवर फुफाटा निघाला, आता बाराशे फूट मारू का?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा, थोडक्यात असा. औसा भागातलं गाव, बारा एकर जमीन, आजोबांच्या काळातली एक विहीर जी आता फेब्रुवारीतच तळ दाखवते, गावात चारशेच्या वर बोअर. दोन वर्षांत त्यांनी दोन बोअर घेतले, एक ६५० फूट आणि एक ८२० फूट. पहिला आठ महिने चालला, दुसऱ्यात नुसता फुफाटा, म्हणजे कोरडी धूळ. आता बोअर मारणारा गाडीवाला म्हणतोय बाराशे फूट जाऊ, खाली नदी आहे. पैसे घालावेत का, आधीचं पाणी गेलं कुठं, आणि गावानं मिळून काही करता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, सरळ उत्तर आधी देते, कारण गाडीवाला घाई करत असणार. बाराशे फूट मारू नका. आठशेवालाच अजून खोल करू का असं मनात असेल तर तेही नको. मी अठ्ठावीस वर्षं विहिरी आणि बोअरचं सर्वेक्षण करतेय, त्यातली निम्मी मराठवाड्यात गेली, शेकडो विहिरींत स्वतः उतरले, आणि खाली नदी मला एकदाही सापडली नाही. आपल्या खडकात तशी नदी नसतेच. का नसते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी पाणी शोधायला नारळ घेऊन आला किंवा मोबाईलवर रंगीत पट्टे दाखवून "६४० फुटांवर तीन इंच पाणी" म्हणाला तरी तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

आपल्या पायाखाली आहे तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग यानंच झाकलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीतून वर येऊन पसरला, थंड झाला, मग त्यावर पुन्हा दुसरा, असं करत थर चढत गेले, दुरडीत भाकऱ्या रचाव्यात तसे. आणि भाकरीसारखाच प्रत्येक थराला वरून एक पापुद्रा असतो. लाव्हातला वायू वर येऊन बुडबुडे धरतो आणि तसाच गोठतो, म्हणून थराचा वरचा भाग छिद्रांचा. त्या छिद्रांत नंतर पांढरी खनिजं भरतात, विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. थराचा मधला-खालचा भाग मात्र घट्ट, छिद्रं नाहीत, भेगा असल्या तर तेवढ्याच. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा लागतो, तुमच्या ६५० च्या बोअरला बहुतेक दोन-तीन वेळा लागला असेल, गाडीच्या तोंडातून लालभडक भुकटी उडते बघा, तोच.

पाणी राहायला जागा आहे ती मांजऱ्यात, भेगांत आणि सगळ्यात वरच्या मुरमात. एवढंच. वाळूच्या गाळाच्या जमिनीत शंभर लिटर जागेत दहा-पंधरा लिटर पाणी सहज सुटून मिळतं, आपल्या बेसाल्टमध्ये ते १ ते ३ लिटर असतं. आणि हे १ ते ३ सुद्धा वरच्या साठ, ऐंशी, फार तर शंभर-सव्वाशे फुटांत, कारण ऊन, पाऊस, झाडांच्या मुळ्या यांनी खडक तेवढाच खिळखिळा झालेला असतो. जसं खाली जाल तशा भेगा बारीक होतात, कमी होतात, वरच्या वजनानं मिटतात. खाली एखादा थर-सांधा किंवा उभी फट लागते, तिथं पाणी मिळतंही, मी नाही म्हणणार नाही, पण ती फट म्हणजे अरुंद बोळ आहे, तिथं पाणी जायला वर्षानुवर्षं लागतात आणि तुमची साडेसात एचपीची मोटर ते काही महिन्यांत काढते. तुमचा पहिला बोअर आठ महिने चालला तो बहुतेक असाच.

आता बाराशे फुटांचं. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला होता, भूकंप समजून घ्यायला. त्यात बेसाल्ट ३३८ मीटरला संपला. म्हणजे साधारण ११०० फूट. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा फार जुना कठीण खडक. किल्लारी तुमच्याच तालुक्यात आहे. तुमच्या गावात आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हिशोब बघा, बाराशे फूट म्हणजे ३६६ मीटर, गाडीवाला तुम्हाला लातूर जिल्ह्याचा अख्खा बेसाल्ट आरपार करून खालच्या खडकात न्यायला निघालाय, आणि तिथपर्यंत फुटाचा रेट दर टप्प्याला चढत जाणार.

आधीचं पाणी गेलं कुठं, हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच खरा.

काही वर्षांपूर्वी एका गावात मे महिन्यात विहिरीत उतरले होते. खोल विहीर, जुनं दगडी बांधकाम, पायऱ्या अर्ध्यावर ढासळलेल्या. चाळीसएक फुटांवर लाल मातीचा पट्टा, हातभर जाड, आणि त्याच्या बरोबर वर मांजऱ्या खडकातून झरा पाझरत होता. करंगळीएवढी धार, पण मे महिना होता, म्हणून बघून बरं वाटलं. मालक म्हणाले, ताई, हा झरा आमच्या आजापासून कधी आटला नाही. शेजाऱ्यानं वरच्या अंगाला, अंदाजे तीनशे फुटांवर, नवीन बोअर घेतला होता, ७०० फूट, आणि केसिंग, म्हणजे आत बसवायचा पाईप, फक्त वरचं वीस फूट. बाकी भोक उघडं. मी त्या बोअरच्या तोंडाशी गेले, मोटर बंद होती, पाईपला कान लावला. आतून आवाज येत होता. घागर ओतल्यासारखा, एकसारखा, थांबत नव्हता. शेजारी खूश होते, म्हणाले बघा खाली किती पाणी आहे, आवाज येतोय. ते पाणी खालचं नव्हतं. चाळीस फुटांवरच्या त्याच लाल पट्ट्यावरचं, त्याच झऱ्याचं पाणी उघड्या भोकातून सहाशे फूट खाली पडत होतं. खालच्या कोरड्या फटीत जात होतं, तिथून हे परत मोटर लावून वर काढत होते. दुसऱ्या दिवाळीपर्यंत विहिरीतला झरा बंद झाला. बोअरही पुढच्या मार्चमध्ये आचके देऊ लागला.

तर पाणी गेलं असं. तुमच्या गावात चारशे बोअर म्हणजे वरच्या पाण्याच्या टाकीच्या बुडाला चारशे भोकं, आणि त्यातली निम्मी आज बंद पडलेली असतील तरी ती भोकं म्हणून चालूच आहेत. लोक म्हणतात पाणी खाली गेलं, आता खालून काढू. पाणी आपणच खाली पाडलंय, आणि खाली त्याला मावायला नीट जागाही नाही. एक साधा आकडा देते. साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला साधारण २१ लिटर पाणी मावतं. ८०० फूट बोअर काठोकाठ भरला तरी पाच हजार लिटरच्या आसपास, म्हणजे एक टँकर. बाकी जे येतं ते आजूबाजूच्या खडकातून यायला हवं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. हैदराबादजवळ महेश्वरम् म्हणून भाग आहे, ग्रॅनाइटचा, तिथं भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी मिळून बरीच वर्षं अभ्यास केला. पन्नासएक चौरस किलोमीटरच्या पाणलोटात सातशेहून जास्त बोअर. तिथला वरचा मऊ झालेला थर उपशानं कोरडा पडलाय आणि खालच्या भेगाळ थरावरच सगळं चाललंय, आणि त्या भेगाही खोलीबरोबर पटापट कमी होत जातात. खडक वेगळा, गोष्ट तीच. कठीण खडकाच्या मुलखात पाण्याची तिजोरी उथळ असते, दर पावसाळ्यात भरते आणि दर उन्हाळ्यात रिकामी होते.

आता हिशोब करू, कारण त्याशिवाय गावात बोलणं म्हणजे नुसती भांडणं. समजा तुमचं शिवार १००० हेक्टर. पाऊस ७०० मिमी पडला. एवढ्या शिवारावर पडलेलं पाणी झालं ७०० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड. आता मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजली, सरासरी ४ मीटर वर आली असं धरा, आणि तुमच्या खडकातून सुटणारं पाणी दीड टक्का धरा. ४ मीटरचा दीड टक्का म्हणजे ६० मिमी. १००० हेक्टरवर ६० मिमी म्हणजे ६० कोटी लिटर. हे तुमच्या गावाचं वर्षाचं भूजल. बाकीचं पाणी वाहून गेलं, उडून गेलं, पिकानं आणि मातीनं घेतलं.

मोकळं पाणी दिलं तर एक हेक्टर ऊस वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पितो, कुठं थोडा कमी कुठं जास्त. म्हणजे तीस हेक्टर ऊस, पंच्याहत्तर एकर, की गावाचं सगळं भूजल संपलं. त्यातलं थोडं परत मुरतं हे खरं, पण थोडंच. हजार हेक्टरच्या शिवारात तीस हेक्टर! आणि पिण्याचं किती लागतं बघा, दोन हजार माणसं, माणशी दिवसाला ५५ लिटर, वर्षाचं होतं चार कोटी लिटर. साठातले चार. तरी उन्हाळ्यात आधी कोरडा पडतो तो पिण्याच्या पाण्याचा बोअर, आणि बायका हंडे घेऊन उभ्या राहतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मला ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा राग नाही, त्याला दुसऱ्या कुठल्या पिकाला एवढा खात्रीचा पैसा मिळत नाही हे मलाही दिसतं, सोयाबीनचा भाव कसा पडतो ते तुम्ही लातूरकर माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण ६० कोटी ते ६० कोटीच. कुणाच्या अडचणीनं तो आकडा वाढत नाही.

ठिबक केलं की प्रश्न सुटेल असं बरेच जण म्हणतात. ठिबकनं एका एकराचं पाणी वाचतं, नक्की वाचतं, करायलाच हवं. पण मी बघितलंय की वाचलेल्या पाण्यावर माणूस दुसरा एकर लावतो, आणि खडकातून तेवढंच निघतं. गावाचा एकूण उपसा ठरवल्याशिवाय ठिबक म्हणजे भूजलाची बचत नाही.

बरं, हे आकडे मी समजा म्हणून दिले. तुमचे खरे आकडे तुम्ही काढायचे आहेत आणि त्याला यंत्र लागत नाही. तीस मीटरची टेप घ्या, पाच-सहाशे रुपयांत येते, टोकाला जाड लोखंडी पाईपचा बोटभर तुकडा बांधा, तोंड खाली करून. विहिरीत सोडली की पाण्याला टेकताना टप्प असा आवाज येतो, अंधार असला तरी कळतं. कठड्यावर एक जागा ऑइल पेंटनं रंगवा आणि कायम तिथूनच मोजा, नाहीतर एक जण कठड्यावरून मोजतो, दुसरा जमिनीवरून आणि दोन फुटांची चूक पडते. सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी मोजा. गावात पसरलेल्या वीस-पंचवीस विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या, नाल्याकाठच्या. महिन्यातून एकदा पुरे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा तिच्या निरीक्षण विहिरी मोजते, जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन तुमच्या पाणलोटातल्या विहिरीचे जुने आकडे मागा, वीस-तीस वर्षांचे मिळू शकतात. तुमच्या गावात त्यांची विहीर नसेल तरी शेजारच्या गावात असेल.

पावसाचंही तसंच. गावात एक पर्जन्यमापक हवाच, महसूल मंडळाचा आकडा तुमच्या शिवाराचा नसतो, आठ किलोमीटरवर वेगळा पाऊस पडतो.

तुमच्या जुन्या विहिरीची ताकद काढायची असेल तर एक दिवस द्या. रात्रभर मोटर बंद ठेवा, सकाळी पातळी मोजा, मग विहीर उपसा, बंद करा, आणि दर तासाला पाणी किती चढलं ते लिहा. समजा विहिरीचा व्यास ८ मीटर, मग तळाचं क्षेत्रफळ झालं साधारण ५० चौरस मीटर. दहा तासांत १ मीटर चढली तर ५० हजार लिटर आलं, तासाला पाच हजार. हे नोव्हेंबरमध्ये करा, जानेवारीत करा, मार्चमध्ये करा. तासाला किती येतं तो आकडा कसा घसरतो ते बघितलं की रब्बीत किती एकराला हात घालायचा ते आपोआप कळतं. तुम्ही लिहिलंय विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, पण तळ दाखवणं आणि झरा मरणं यात फरक आहे. उतरून बघा. झरा कुठल्या थरातून येतो, कुठल्या बाजूनं येतो, पूर्वीच्या पाण्याचा काळपट डाग भिंतीवर किती उंच आहे. विहिरीची भिंत म्हणजे तुमच्या जमिनीचा उभा छेद आहे, तेवढं स्वच्छ मला कुठलंच मशीन दाखवत नाही. (उतरताना एकटे नका जाऊ, कमरेला दोर बांधा, आणि बंद पडलेल्या झाकलेल्या विहिरीत आधी हवा खेळली आहे का बघा. यात माणसं गेलेली आहेत.)

मशीनबद्दल विचाराल म्हणून सांगते. आम्ही जमिनीत वीज सोडून रोध मोजतो, ती पद्धत बरी आहे, वरचा मुरूम किती जाड, घट्ट पाषाण कुठं सुरू होतो ते साधारण कळतं. पण ते खडकाचा रोध सांगतं, पाणी सांगत नाही, आणि बेसाल्टमध्ये तीनशे फुटांखालची दोन बोटांची फट वरून ओळखणं जवळपास अशक्य आहे. जो कुणी ठाम खोली आणि ठाम इंच सांगतो, त्याला म्हणा लिहून दे आणि कोरडा गेला तर निम्मे पैसे तू भर.

गावाच्या पातळीवर पुढचं पाऊल म्हणजे पाणी कुठल्या थरात आहे ते नकाशावर आणणं. नाल्याच्या काठानं चाला, जिथं लाल पट्टा किंवा मांजऱ्या उघडा पडलाय तिथं खूण करा. विहिरींत तोच पट्टा किती फुटांवर लागतो ते लिहा. उंची लेव्हल ट्यूबनं किंवा डंपीवाल्याला, म्हणजे दुर्बिणीनं उंची मोजणाऱ्याला, एक दिवस बोलवून घ्या, मोबाईलच्या उंचीवर भरवसा ठेवू नका, वीस-तीस फुटांची चूक सहज होते. आपले थर जवळजवळ आडवे असतात, उतार अगदी नावाला, त्यामुळे पंचवीस विहिरी जोडल्या की चित्र उभं राहतं: या थराचं पाणी या टेकाडाखाली मुरतं आणि त्या ओढ्याला बाहेर पडतं. कधीकधी असंही निघतं की तुमच्या विहिरींचं पाणी शेजारच्या गावच्या गायरानात मुरतंय. मग बंधारा तिथं हवा, तुमच्या हद्दीत नाही, आणि दोन गावांना बसून बोलावं लागतं.

हे न बघता पुनर्भरणाची कामं झाली, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. घट्ट काळ्या पाषाणावर बांधलेला बंधारा पाणी साठवतो, मुरवत नाही. आणि नाला खोलीकरण! धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल केले, त्याचं खूप नाव झालं, योग्यच होतं, पण त्या तालुक्यात तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, पाणी प्यायला बसलेला. तोच उपाय पोकलेन लावून बेसाल्टच्या गावांत केला तर काय होतं? मुरूम आणि मांजऱ्या खरवडून निघतो, म्हणजे जिथं पाणी राहायचं ती जागाच ट्रॉलीत भरून जाते, आणि कडेच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं. गाळ काढा, अगदी काढा, गाळ पाणी मुरू देत नाही. पण मुरूम लागला की थांबा.

शेततळ्याचंही स्पष्ट बोलते. पावसाचं वाहतं पाणी धरलं तर उत्तम. पण बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरायचं, हे मी गावोगाव बघते. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल, उतरत्या कडांच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्यातून दिवसाला आठ-नऊ हजार लिटर नुसतं उडून जातं. खडकात होतं तेव्हा ते उडत नव्हतं. ज्याचं तळं मोठं तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सगळ्यांचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो, हे शेजाऱ्याच्या विहिरीतून उचलण्यासारखंच आहे.

तुमच्या कोरड्या ८२० च्या बोअरमध्ये नाल्याचं गढूळ पाणी सोडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. गाळानं उरल्यासुरल्या फटी बुजतात, शेणामुताचं पाणी थेट खाली जातं आणि मग कुणाच्या तरी पिण्याच्या बोअरमध्ये निघतं. पुनर्भरण करायचं तर जुन्या विहिरीचं करा: शेताच्या उताराचं पाणी आधी एका खड्ड्यात थांबवा, गाळ बसू द्या, दगड-खडी-वाळूच्या दुसऱ्या खड्ड्यातून गाळून मग पाईपनं विहिरीत. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या, त्यात फवारणीचं औषध आणि खत असतं. कोरडा बोअर मात्र बुजवाच. वरून फरशी टाकून चालत नाही. जिथं झऱ्याचा थर आहे त्याच्या खालपर्यंत चिकणमातीनं भरून घ्या आणि वर सिमेंटचा बूच बसवा. एक तर लेकरू पडायची भीती जाते, आणि दुसरं म्हणजे तुमच्या विहिरीचं गळणारं एक भोक बंद होतं. दोन-चार वर्षांत जवळच्या झऱ्यात फरक पडलेला मी पाहिलाय, सगळीकडे नाही, पण पाहिलाय.

खोल पाण्याबद्दल अजून एक, हे आरोग्याचं आहे. जे पाणी खडकात फार काळ राहतं त्यात काही भागांत फ्लोराइड वाढतं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि म्हाताऱ्यांची वाकलेली हाडं मी बघितली आहेत. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिऊ नये. खोल बोअरचं पाणी पिण्याला वापरत असाल तर तपासून घ्या, उकळून फ्लोराइड जात नाही.

गावानं मिळून काय करावं, तर करून दाखवलेली गावं आपल्याच राज्यात आहेत. पुरंदरच्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटायचं, डोई अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी सोडली, आणि पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बी ठरवायची पद्धत घातली. लोक तिथं जाऊन बंधारे बघून येतात, मला वाटतं बघायचा तो ताळेबंदाचा फळा. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं रणदुल्लाबाद बघा, तिथं खडकाचा अभ्यास करून गावानं शेतीला बोअर न घेता विहिरींवरच राहायचं ठरवलं. आणि आंध्र-तेलंगणात सात जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत शेतकरी स्वतः बोअरची पातळी आणि पाऊस मोजून गावच्या भिंतीवर लिहायचे, रब्बीच्या आधी बसून हिशोब करायचे. तिथं कुणावर बंदी नव्हती, तरी बऱ्याच जणांनी भात कमी केला, कारण आकडा सगळ्यांनी मिळून मोजलेला होता.

कायदा आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम, २०१४ पासून लागू, त्यात ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली विहीर-बोअर घेण्यावर निर्बंध आहेत. त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नाही असं होतं. प्रत्यक्षात रात्री गाडी येते आणि सकाळी निघून जाते हे तुम्हालाही ठाऊक आहे. तलाठी किंवा तहसीलदार एकटे हे थांबवू शकत नाहीत, गावच्या वेशीवर गाडी अडवायला गावच लागतं, म्हणून कायद्याचा आधार ग्रामसभेच्या ठरावाला घ्या, ठरावाची जागा कायदा घेणार नाही.

आता तुमच्या बारा एकराचं. बाराशे फुटांचे पैसे बाजूला ठेवा. त्यातल्या थोड्या पैशात विहिरीचा गाळ काढून घ्या, ढासळलेलं असेल तर बांधून घ्या. झरा जिवंत असेल तर त्याच थरात, त्याच पातळीवर, झऱ्याच्या दिशेनं एक-दोन आडवे बोअर घ्या, साठ-सत्तर फुटांचे, त्यानं नवीन पाणी तयार होत नाही पण वरचंच पाणी विहिरीकडे नीट येतं. शेजाऱ्याच्या झऱ्याकडे तोंड करून मात्र मारू नका, यावरून कोर्टापर्यंत गेलेली भावकी मी पाहिलीय. खरिपात सोयाबीन-तूर आहेच. रब्बीत विहिरीच्या आकड्यानुसार तीन-चार एकर हरभरा, एक-दोन पाण्यांचा, बाकी करडई किंवा ज्वारी ओलीवर. ऊस असेल तर खोडवा मोडायची वेळ आलीय. पहिलं वर्ष जड जाईल, हे मी लपवत नाही, विशेषतः बोअरचं कर्ज डोक्यावर असेल तर. त्यासाठी हप्ते वाढवून मागा, पण ते कर्ज फेडायला तिसरा बोअर घेऊ नका. मी उद्ध्वस्त झालेली जी घरं बघितली ती पहिल्या बोअरनं नाही झाली, चौथ्या-पाचव्यानं झाली.

आणि गावात बोलायला सुरुवात चारशे बोअरवाल्यांपासून करू नका, सभा पहिल्या दहा मिनिटांत मोडेल. तुमच्या ओढ्यावरच्या सात-आठ विहिरीवाल्यांना घ्या, ज्यांचे झरे एकाच थरातले आहेत. पातळी मोजायला शाळेतली आठवी-नववीची पोरं घ्या, ती चुकत नाहीत आणि त्यांच्या आकड्यावर कुणी संशय घेत नाही. आकडे चावडीच्या भिंतीवर, ज्याच्या त्याच्या विहिरीच्या नावासकट.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, पहिलं मोजमाप करा आणि ऑक्टोबरमध्ये दुसरं. विहिरीचा व्यास, खोली, लाल पट्टा किती फुटांवर आहे, झरा त्याच्या वर आहे की खाली, आणि दोन्ही वेळची पातळी, एवढं लिहून पाठवा, भिंतीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढलेला असला तर फार बरं. रब्बीच्या पेरणीआधी आपण तुमच्या विहिरीचा हिशोब मांडू.